पश्चिमेची भिंत

इंजिनियरने तापमान मोजायचं यंत्र पश्चिमेच्या भिंतीवर रोखलं, आकडा वाचला आणि विश्वास न बसून पुन्हा रोखलं.

"बाहेर अंगाची लाहीलाही होतेय आणि इथे पंखासुद्धा लागत नाही," तो म्हणाला. "मॅडम, मानलं तुम्हाला."

घर बांधणारी आर्किटेक्ट नुसती हसली. एरवी अशा वेळी तिची गाडी सुटायची. मातीच्या विटांची दुहेरी भिंत, मधली पोकळी, चुन्याचा गिलावा, वरच्या झरोक्यातून निघून जाणारी गरम हवा; समोरच्याला जांभया येईपर्यंत ती थांबत नसे. आज मात्र तिचं अर्धं लक्ष दाराकडे होतं. घर तिच्या आईचं होतं, आई त्यात एकटी राहत होती, आणि या घडीला ती घरात कुठेच नव्हती.

"आजींशी बोलायचंय जरा," संस्थेच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

त्यांची संस्था एकट्या राहणाऱ्या वयस्क बायकांसाठी वसाहत बांधणार होती. नमुन्याची बरीच घरं बघून त्या आता आपल्या इंजिनियरला घेऊन इथे आल्या होत्या, आणि हे घर त्यांच्या मनात भरलं होतं. एवढं मोठं काम आर्किटेक्टच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. आई दोन शब्द बरे बोलली की ते पदरात पडणार होतं.

"बघते हं. इथेच असेल," म्हणून ती बाहेर पडली.

आई फाटकाबाहेर, लेकीच्याच गाडीत बसली होती. टेबलावरची चावी तिने कधी उचलली कोण जाणे. उन्हात उभी राहून गाडीचा तवा झाला होता. चारही काचा खाली करून, रुमालाने वारा घेत, आई समोरच्या दुकानातल्या शिंप्याशी गप्पा मारत होती.

"काकू, उतरू नका," शिंपी ओरडला, "गिऱ्हाईक नसलं की तुम्हीच काय तो आधार!"

आई खळखळून हसली. आई या घरात राहायला आल्यापासून लेकीने तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"आई, आत एवढा गारवा असताना इथे काय करतेस?"

"तू आलीस की बसते अशी. एरवी बसथांब्यावर जाते. पण तिथे फार वेळ बसलं की लोकांना वाटतं म्हातारीला चढता येत नाहीये. परवा एकाने हात धरून बसमध्ये बसवूनच दिलं. पार शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आले."

"पण घरात काय कमी आहे?"

"घराला नाव ठेवायला जागाच नाही गं." आईने रुमालाची घडी घातली. "माणसं दिसत नाहीत, एवढंच."

रस्ता पश्चिमेला होता. दुपारनंतरचं सगळं ऊन त्या बाजूने येतं, म्हणून लेकीने ती भिंत सबंध बंद ठेवली होती. आणि अशा बंद, गार खोलीची कल्पना तर आईनेच तिला दिली होती. लेक लहान असताना घरचे सगळे पत्र्याखालच्या भाड्याच्या खोलीत राहायचे. दुपारी उकाड्याने पोर रडायला लागली की आई तिला आपल्या सासरच्या मधल्या खोलीचं वर्णन ऐकवायची: जाड भिंती, वरून येणारा एवढासा उजेड, पायाला गार लागणारी जमीन. ती खोली आपण आईला बांधून देणार, हे लेकीने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. पुढे प्रत्येक भाषणात तिने हे सांगितलं होतं आणि प्रत्येक वेळी टाळ्या पडल्या होत्या.

"ती मधली खोली तुला आवडायची ना?"

"गार होती, असं म्हणायचे मी." आई रस्त्याकडेच बघत होती. "लग्न होऊन गेले तेव्हा मला तिथेच बसवून ठेवायचे. बाहेर डोकावलेलं चालायचं नाही. आता उकाड्याने रडणाऱ्या पोरीला हे काय सांगायचं? तेवढा गारवा सांगितला."

ओट्याची उंची, पायरीचा चढ, रात्री उठल्यावर हाताला लागेल असं दिव्याचं बटण, सगळं लेकीने आईला विचारून केलं होतं. तुला कुठे बसायला आवडेल, हे मात्र विचारलं नव्हतं. आणि इतकं कळूनही तिच्या मनात पहिला विचार आला तो आतल्या पाहुण्यांचा. त्याची तिला स्वतःचीच लाज वाटली.

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडीचं दार उघडलं.

"चल आत. काय बोलायचं ते कळतं मला."

लेकीला हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीही लाज वाटली. पण ती आईच्या मागोमाग गेली.

"आजी, दिवसभर कुठे बसता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"इथेच की, या भिंतीशी." आईने गिलाव्यावरून हात फिरवला. "हलावंसंच वाटत नाही. लेकीने माझ्या मनातलं ओळखून बांधलंय."

अध्यक्षबाईंचे डोळे पाणावले. "मग ठरलं. अगदी असंच बांधू. ही बंद भिंतसुद्धा अशीच. धूळ नको, गोंगाट नको."

"किती जणी राहणार?" आईने विचारलं.

"पन्नास-साठ तरी."

"सगळ्या एकट्याच?"

"एकट्याच."

आईचा हात भिंतीवरून खाली आला. ती लेकीकडे बघेना. भरलेल्याच ग्लासात ती आणखी पाणी ओतायला लागली आणि ते टेबलावर सांडलं.

"रस्त्याकडे खिडकी लागेल," लेक म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "शेजारी खुर्ची टाकून बसता येईल अशी. प्रत्येक घराला."

"पश्चिमेला?" इंजिनियरने यंत्र उचललं. "आकडे बिघडतील की."

"बिघडतील. छज्जा काढून थोडं सावरता येईल. पण इतके चांगले येणार नाहीत."

"अहो, पण आजी तर आत्ताच म्हणाल्या..."

"आई माझ्यासाठी खोटं बोलली."

अध्यक्षबाईंनी आजींकडे पाहिलं, मग पर्स उचलली. समितीपुढे ठेवून बघू, असं काहीसं त्या बोलल्या. दारापर्यंत त्यांना पोहोचवताना लेकीला कळून चुकलं की फोन येणार नाही.

ती परत आली तेव्हा आई टेबल पुसत होती.

"कशाला बोललीस? मी निभावून नेलं होतं ना."

"आणि तू या घरात किती दिवस निभावणार होतीस?"

"माझं सोड. माझे असे किती राहिलेत?" आईने फडकं पिळलं. "पण त्या वसाहतीतल्या काही जणी साठीच्याच असतील, नाही गं?"