सिमेंटमधला ळ

सिद्धोधन गवंड्याला शाळेतून निरोप आला, अर्धं पोतं बारीक वाळू पाहिजे, चाळून. परभणीजवळच्या झरी गावापलीकडच्या एका लहानशा गावात शाळेची पायरी फुटो की हौद गळो, बोलावणं त्यालाच यायचं. त्यानं वाळू दोनदा चाळली, पोतं मोटरसायकलवर आडवं टाकलं आणि सोबत थापी, गिलावा घोटायचा रंधा, ओळंबाही घेतला. काम काय ते निरोपात नव्हतं. पण वाळू म्हणजे गिलावाच असणार, असं तो धरून चालला.

राजेश्री मॅडमनी थापीकडं पाहिलं आणि त्या हसल्या. परभणीहून रोज एसटीनं येणाऱ्या या बाई दुसरीच्या वर्गाला शिकवायच्या. त्यांनी व्हरांड्यात जुनी ताटं मांडली, प्रत्येकात ओंजळभर वाळू पसरली आणि पोरांना समोर बसवलं. मॅडम अक्षर सांगायच्या. पोरं ते मोठ्यानं म्हणत बोटानं वाळूत काढायची आणि ताट हलवून पुसून टाकायची. एका कोपऱ्यात दोघी-तिघी चिंचोके मांडून 'कमळ' लिहीत होत्या. कणकेची वेलांटी वळता वळता एकानं तिचा तुकडा तोंडातही टाकला.

सिद्धोधन निघालाच होता, पण तिसऱ्या ताटाशी त्याची निकिता बसलेली दिसली, म्हणून थांबला.

निकिता सात वर्षांची. बोलायला चुरचुरीत, पण वही उघडली की तिचा चेहरा उतरायचा. म काढायला जावं तर भ व्हायचा, घचा ध. तिची आई धम्मशीला रोज संध्याकाळी तिला घेऊन बसायची आणि दोघी रडकुंडीला येऊन उठायच्या. त्या वेळी सिद्धोधन काहीतरी निमित्त काढून अंगणात जायचा. पोरीचं दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. लहानपणी त्यालाही अक्षरांनी असंच छळलं होतं. बघता बघता ती एकमेकांची सोंगं घ्यायची. पाचवीत त्यानं शाळा सोडली ती कायमचीच. टेपवरचे आकडे त्याला कधी चकवत नसत, भिंतीचा बाक तर तो लांबून सांगायचा. पण वाचायचा कागद पुढं आला की चष्मा घरी राहिला म्हणायचा. चष्मा त्याला नव्हताच.

निकितानं वाळूत बोट टेकवलं. वरची गाठ, खालची गाठ, मग दांडा. भ झाला. तिनं तो पुसला आणि परत म काढायला गेली. पुन्हा भ. मग मॅडम तिच्या मागं बसल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर बोटानं काहीतरी गिरवलं. निकितानं डोळे मिटले, मान जरा वाकडी केली आणि म्हणाली, "घ." मॅडमनी पाठ थोपटली. सिद्धोधनच्या हातातली थापी हातातच राहिली.

त्या संध्याकाळी वही निघालीच नाही. निकितानं बापाला पाठमोरं बसवलं आणि ती त्याच्या बनियनवर अक्षरं काढू लागली. पहिली दोन त्याला आली. तिसऱ्याला त्यानं ध म्हटलं, तर ती म्हणाली, नीट लक्ष दे, परत काढते. दुसऱ्यांदा त्याला ते कळलं. कळलं म्हणजे डोळ्यांपुढं आलं नाही, अंगाला कळलं. दारातून धम्मशीला बघत होती. त्या दिवशी त्याला अंगणात जावंसं वाटलं नाही.

पुढं वाळूची कटकट सुरू झाली. वारा सुटला की ताटं रिकामी व्हायची, पोरांच्या डोळ्यांत कण जायचे. मॅडमनी आणखी वाळू मागितली तेव्हा सिद्धोधनच म्हणाला, की व्हरांड्याच्या कट्ट्यावर अक्षरं सिमेंटमध्येच करून देतो, खोल खाचेची, बोट बसेल अशी. मॅडम खूश झाल्या. त्यांनी मोठाल्या कागदांवर सगळी मुळाक्षरं काढून दिली. त्यानं ठिबक सिंचनाच्या जुन्या नळीत तार घातली, कागदावर ठेवून एकेक अक्षर वळवलं आणि रविवारी सबंध दिवस कट्ट्यावर बसून ते आकार ओल्या सिमेंटमध्ये दाबले. इतकं जपून त्यानं कुणाच्या घराचा गिलावाही केला नव्हता.

तीन दिवसांनी सिमेंट टणक झालं तसा मॅडमनी खेळ लावला. डोळे मिटून कट्ट्यावरून बोट फिरवायचं आणि अक्षर ओळखायचं. सिद्धोधनही मुद्दाम आला होता. निकिताची पाळी आली. ती एकेक अक्षर ओळखत पुढं सरकत गेली आणि शेवटाकडं येऊन थांबली. पुन्हा मागं गेली, पुन्हा तेच अक्षर चाचपलं.

"पप्पा," ती डोळे न उघडताच म्हणाली, "ह्याच्यात बोट उलटं जायलंय."

मॅडम वाकल्या. त्यांनी कागद आणून शेजारी धरला. ळ होता. दोन्ही बाजूंना गोल असल्यानं दिसायला ठीक दिसत होता, पण नळीचा आकार पालथा दाबला गेल्यामुळं डावं उजवीकडं गेलं होतं.

सिद्धोधनचे कान तापले. नजर चुकली, घाई झाली, असं काहीही सांगता आलं असतं. पोरं त्याच्याकडं बघत होती. निकितानं आता डोळे उघडले होते, आणि आपण बरोबर बोललो की चुकलो हे तिला कळेना.

"बरोबर हाय तिचं," तो म्हणाला. "मला वाचता येत न्हाई नीट, मॅडम. म्हणून उमगलं न्हाई."

मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मी सकाळपासून चारदा पाहिला तो ळ. मलाही दिसला नाही."

सिद्धोधननं छिन्नीनं तेवढा तुकडा फोडला, माल कालवला आणि नवा थर दिला. नळी मात्र घेतली नाही. त्यानं निकिताला मांडीजवळ बसवलं, तिच्या बोटाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि काढ म्हणाला. ओल्या सिमेंटमध्ये तिनं सावकाश ळ काढला. जरा तिरपा आला. तो रंध्यानं सरळ करायला गेला नाही.

निकिता लगेच काही पहिली-दुसरी आली नाही. म आणि भ अजूनही कधीमधी तिला फसवतात. मग ती पेन्सिल ठेवते, बाकावर बोटानं एकदा गिरवून घेते आणि पुन्हा लिहायला लागते. रडणं मात्र थांबलं.

नव्या थराला पाणी मारायला सिद्धोधन आठवडाभर रोज शाळेत येत होता, पोरं घरी गेल्यावर. पाणी मारून झालं की तो कट्ट्याच्या पहिल्या टोकाशी बसायचा आणि डोळे मिटून एकेका खाचेतून बोट फिरवायचा, तोंडानं हळूच म्हणत. आठवडा संपला तेव्हा तो ढपर्यंत आला होता. नंतर पाणी मारायची गरज उरली नाही, तरी दुसऱ्या दिवशी तो आला.