चहानंतर नावाची वाट

आश्विन सरत आला होता. घारकड्याच्या माथ्यावरचे गवत हिरवेपण विसरून सोन्याकडे झुकले होते, आणि चार महिने पाण्याखाली मुकाट उभा राहिलेला तो काळाकभिन्न, मेघस्नात कातळ आता ऊन पांघरून वाळत होता. भेगाभेगांत गवत, फटीफटींत नेचे, कपारीकपारीत सोनकीची वठलेली पिवळी फुले. आणि या सगळ्यावरून वारा. पहाटेपासून सुटलेला, कुठेही न टेकणारा, दरीतून वर आणि वरून दरीत येरझारा घालणारा वारा.

वारा थांबत नव्हता, आणि कड्याच्या पायथ्याशी बसलेल्या सुमेधाचे हात थांबत नव्हते.

ते दोराची गाठ बांधत, सोडत, पुन्हा बांधत. हेल्मेटचा पट्टा ओढत, सैल करत. खिशातल्या एका वस्तूला शिवत आणि पोळल्यासारखे मागे येत. छत्तीस वर्षांची, मोजके बोलणारी ती. वैशाखात वडील गेले तेव्हा आल्यागेल्यांना तिनेच पाणी दिले होते. सगळे म्हणाले, किती शांत आहे. हातांना मात्र ती शांतता कोणी कळवली नव्हती.

दर पावसाळा या कड्यावर आपला हक्क सांगून जातो. चढाईच्या वाटा गवत गिळते, माती बुजवते, शेवाळ पुसून टाकते. म्हणून दिवाळीआधीच्या एका रविवारी क्लबची माणसे इथे येतात, विळे, तारेचे ब्रश, हातोड्या घेऊन. माथ्यावरून दोर सोडायचा, दोराला लोंबकळत एकेक वाट उतरायची, आणि उतरता उतरता तिला पुन्हा उजेडात आणायचे. कोणी बोलावत नाही, कोणी शाबासकी देत नाही. कडा तर नाहीच नाही.

कड्याच्या मधोमध, सर्वांत उभी, एक वाट होती. तिचे नाव ‘चहानंतर’. एकतीस वर्षांपूर्वी प्रभाकर लिमये, सुमेधाचे वडील, ती पहिल्यांदा चढले. खाली दोर धरून त्यांचा मित्र गजानन उभा होता. सहा तास गजानन खालून विचारत राहिला, चहा घेऊ या का, आणि सहा तास वरून एकच उत्तर येत राहिले, नंतर. जो वाट पहिल्यांदा चढतो, तोच तिचे नाव ठेवतो. असा इथला रिवाज.

आणखी एक रिवाज होता. ज्याने मेख ठोकली, त्याला विचारल्याशिवाय ती कोणी काढायची नाही.

प्रभाकरची एक मेख होती. ट्रकच्या जुन्या पाट्यातून लोहाराकडून घडवून घेतलेली, वीतभर लांब, वाटेच्या वरच्या टप्प्यात बाहेर झुकलेल्या कातळछताखालच्या फटीत ठोकलेली. पुढे चढणारा घसरला, तर त्या मेखेत अडकवलेला दोर त्याला धरणार. एकतीस पावसाळे ती तिथे होती. बदलू या का, असे क्लबने तीन वर्षे विचारले. तीन वर्षे प्रभाकरचे उत्तर एकच: ठोकली की खणखणीत वाजते अजून, पुढच्या वर्षी बघू.

आता विचारायचे कोणाला? रिवाजाला मरण ठाऊक नव्हते. म्हणून फोन लेकीला आला. लेक म्हणाली, राहू दे. मग ही वाट बंद करावी लागेल, क्लबने कळवले. कोणाचा तरी जीव जाईल. लेक म्हणाली, बंद करा. आज ती तेच तिसऱ्यांदा, समोरासमोर सांगायला आली होती.

घरातल्या वडिलांच्या वस्तू पाहता पाहता वस्तूच होऊन गेल्या होत्या. चष्मा, छत्री, चपला. पण लोखंडाचा तो तुकडा अजून त्यांच्याच जोराने कातळात रुतून होता. त्यांच्या हाताचा तो घाव अजून संपला नव्हता.

“नाही म्हणतेस तर नाही,” गजाकाका म्हणाले. सत्तरी उलटलेली, गुडघ्यांनी दगा दिलेला. आता ते पायथ्याच्या एका सपाट दगडावर थर्मास घेऊन बसत आणि सगळ्यांच्या चुका काढत. “तुझ्या ‘हो’शिवाय तिला कोणी बोट लावणार नाही. पण सुमे, एकदा वर जाऊन वाजवून ये. न ऐकता नाही म्हणू नये.”

“बाबा वाजवायचे ना दर वर्षी?”

“तोच वाजवायचा. वरून ओरडायचा, वाजते. मी खाली वहीत टिक करायचो. पभ्याच्या मेखेला हात लावायला मला काय वेड लागलं होतं?”

क्लबमधली तबस्सुम दोर उलगडत हसली. ती शाळेत भूगोल शिकवी, आणि रविवारी तोच भूगोल नखांत भरून घरी नेई. “मेखेचं राहू द्या. गेल्या हिवाळ्यात लिमयेकाकांनी मला एकदासुद्धा या वाटेवर पुढे चढू दिलं नाही. पुढे कायम स्वतः. आम्ही आपले त्यांनी वरून बांधलेल्या दोरावर, बालवाडीसारखे. हावरट म्हणायचे मी त्यांना. तोंडावर.”

“मग?”

“म्हणायचे, तुझ्यापुढे पुष्कळ हिवाळे आहेत.”

गजाकाकांनी थर्मासचे झाकण उगाच उघडून पुन्हा लावले. वारा गवतातून गेला, परत आला, पुन्हा गेला.

दोघी घळीतून वळसा घेऊन माथ्यावर गेल्या. शेजारी शेजारी दोन दोर सुटले, आणि दोघी पाठ दरीकडे, तोंड कातळाकडे करून उतरू लागल्या.

सुमेधा विळा चालवत होती. गवताची जुडी मुठीत, विळ्याचा हिसका, आणि मुळांसकट निघालेला ओला, काळा गड्डा दरीत. फटीत वाढलेल्या मुळांना फटीचाच आकार आलेला. मातीला पावसाचा वास. ब्रशाखाली शेवाळाची हिरवी साय सुटत होती आणि तिच्याखालून एकेक पकड डोळे उघडत होती: बोटभर कंगोरा, पेरभर खाच, अंगठ्यापुरता खड्डा. गवत, विळा, हिसका. शेवाळ, ब्रश, कातळ. पुन्हा गवत. पुन्हा विळा. श्वास घ्यायला ती थांबत नव्हती.

“ताई, कडा कुठे पळून जात नाहीये,” तबस्सुम शेजारून म्हणाली.

छताच्या कडेवरून खाली सरकून दोघी झोका घेत आत गेल्या. आत सावली होती. कोरडी, धूसर, करड्या रंगाची सावली. इथे पाऊस पोचत नाही, गवत रुजत नाही. खालचा पायथाही इथून दिसत नाही; कातळाचा एक फुगवटा मध्ये येतो. इथे जे घडते ते कड्याला आणि चढणाऱ्यालाच कळते.

मेख समोर होती. काळी, बाकदार मानेची. फटीतून झिरपलेल्या पाण्याचा तांबूस ओघळ तिच्याखाली वाळून गेला होता.

प्रभाकरला सगळे वाजवून बघायची सवय. माठ, कलिंगड, नव्या घराची भिंत, देवळाचा खांब. उजव्या हाताची अनामिका टोकाशी तुटलेली. कधीकाळी एका दगडाने नेलेली. त्या हाताच्या पेराने दोन टिचक्या, मान किंचित तिरकी, डोळे मिटलेले, आणि निकाल. खणखणीत. किंवा बद्द.

चैत्रातल्या एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी स्वतःच्या छातीवर तशाच दोन टिचक्या मारल्या होत्या. मान तिरकी केली होती. आणि लेकीकडे बघत, हसत म्हणाले होते, “बद्द वाजतंय गं.”

“उगाच काहीतरी,” ती म्हणाली होती, आणि वर्तमानपत्राचे पान उलटले होते.

त्यानंतर एकोणीस दिवस. ते पान अजून उलटत होते. झोपेत, कामात, रस्त्यात, त्याची सळसळ तिच्या हातांत शिरली होती आणि बाहेर पडत नव्हती.

तिने हातोडी उचलली. चांगली रुतलेली मेख घावासरशी गाते, हे तिला लहानपणापासून माहीत होते. तिने घाव घातला.

बद्द.

पुन्हा घातला. ओल्या मातीवर माती पडावी तसा आवाज. दुसऱ्या क्षणी तोही नाही.

तरीही एकतीस वर्षे, ती मनात म्हणाली. तरीही, तरीही. तिने नजर फिरवली, मेखेपासून दूर, डावीकडे. आणि तिला पांढरे दिसले.

चढताना बोटांचा घाम टिपायला पांढरी पूड लावतात. उघड्या कातळावरची पूड पहिल्याच सरीत धुऊन जाते. इथे सर आली नव्हती. डावीकडच्या कंगोऱ्यावर चार बोटे उमटली होती. त्यांतले तिसरे बोट आखूड.

पौषातली बोटे. आश्विनापर्यंत थांबलेली.

त्यांच्यावर दुसरी चार, मग एकाच अंगठ्याचा ठसा, मग पुन्हा चार. आणि प्रत्येक उजव्या ठशात तिसरे बोट आखूड. मेखेच्या हातभर आधी ती पांढरी वाट डावीकडे वळत होती. गुळगुळीत, अवघड, निष्ठुर कातळावरून मेखेला लांबून वळसा घालत होती, आणि छताच्या कडेपाशी परत मूळ वाटेला मिळत होती.

“हे आमचे नाहीत,” तबस्सुम हळू म्हणाली. “आम्ही सगळे सरळ जायचो. वरून दोर होता, आम्हाला मेखेचं काय.” तिने मेखेकडे पाहिले. “पुढे जाणाराच फक्त तिच्यावर अवलंबून असतो.”

 दोर किंचित झुलत राहिले.

“हावरट,” ती म्हणाली, पण आवाज वेगळाच होता.

सुमेधाने त्या बोटांकडे पाहिले. ओठांनी वाजते म्हणणारा माणूस. हातांनी वळसा घालणारा माणूस. कोणालाही पुढे न जाऊ देणारा. खरे एकदाच बोललेला, एकाच माणसापाशी, चहाचा कप खाली ठेवून.

“काका,” ती ओरडली. आवाज फुगवट्याला आपटला, वाऱ्याने त्याचा अर्धा भाग नेला. “बद्द आहे.”

 खालून उत्तर आले. “मग काय म्हणतेस?”

“काढते.”

डावीकडून घाव, उजवीकडून घाव. एकतीस पावसाळ्यांना पाच घाव पुरले. हलत्या दुधाच्या दातासारखी मेख तिच्या तळव्यात आली. वीतभर लोखंडातले दोन बोटांएवढेच उरले होते. बाकीचे गंजाचे पापुद्रे होते, आणि ते तिच्या देखत वाऱ्यावर गेले. उरलेला तुकडा तिने खिशात ठेवला. तो ठेवताना तिथली दुसरी वस्तू बाहेर काढावी लागली.

प्रत्येकाने एक जुना टूथब्रश आणावा, असा क्लबचा निरोप होता. बारीक खाचांतली पूड त्यानेच निघते. मागच्याने आपली पांढरी खूण पुढच्यासाठी ठेवायची नाही, कातळ ज्याचा त्याने वाचायचा. घरी न्हाणीतल्या पेल्यात अजून दोन ब्रश उभे होते. निळ्या दांड्याचा तिने उचलला होता, परत ठेवला होता, पुन्हा उचलला होता. त्याचे केस एका बाजूला झुकलेले होते, जोराने दात घासणाऱ्या माणसाच्या ब्रशाचे झुकतात तसे.

मेखेभोवतीचा कातळ आता फुटका होता. मेखेऐवजीचा नवा बोल्ट डावीकडेच बसणार होता, त्या बोटांच्या जागी.

तिने आपला हात त्या ठशावर ठेवला. दोरावरून पूर्ण ताणूनही तिची बोटे त्यांच्या बोटांना पेरभर कमी पडली. क्षणभर ती तशीच लटकून राहिली, कमी पडत. मग तिने ब्रश लावला.

पूड सुटली. पौष सुटला. हलकी, शुष्क, पिठासारखी पूड छताखालच्या त्या निवांत हवेत तिच्या पापण्यांवर उतरली, हेल्मेटखालून सुटलेल्या केसांवर, वरच्या ओठावर. आखूड बोट आधी गेले. मग उरलेली. मग अंगठा. एकेका खाचेपाशी थांबून, सावकाश, झुकलेल्या केसांच्या त्या ब्रशाने तिने कंगोऱ्यामागून कंगोरा काळा केला, नवा केला, कोणाचाही केला.

तबस्सुमने ड्रिल तयार धरले होते. पण आधी जागा वाजवून घ्यायची असते.

“सुमे,” खालून गजाकाकांची हाक आली, वाऱ्याने तुकडे केलेली. “चहा ओतू का?”

तिने हातोडी उचलली, आणि धुतलेल्या, काळ्या, उघड्या कातळावर एकच घाव घातला.

खणखणीत.

तो नाद छतात घुमला, छताबाहेर पडला, दरीवरून गेला, समोरच्या डोंगराला टेकला आणि परत आला, मग पुन्हा, अधिक बारीक, मग पुन्हा. वारा थांबला नव्हता. गवत थांबले नव्हते. पण हातोडी धरलेला एक हात, पांढरा, हवेत तसाच थांबला होता. आणि त्याच्या वर, किंचित तिरकी, डोळे मिटलेली, एक मान.