मागची काच

रामहरीनं छोटा पेचकस रुमालात गुंडाळून खिशात सरकवला, चपला काढल्या आणि मांडवात शिरला. सुयोगच्या वर्षश्राद्धाचं कीर्तन रंगात आलं होतं. नारदाच्या गादीशेजारी खुर्चीवर, झेंडूच्या हारात, त्याची तसबीर होती. तिच्यासाठीच तो इंदापूरहून कन्हेरीला आला होता.

तसबिरीत होतं ते रामहरीच्या साप्ताहिकाचं कात्रण. सुयोग गेल्या साली शेततळ्यात सापडला, मोबाईलही त्याच्याबरोबर पाण्यात गेला. कुणा मित्राकडून मिळालेला फोटो रामहरीनं खाली नाव-पत्ता घालून श्रद्धांजलीत छापला आणि आईला, शकुबाईला, लेकाचा तेवढाच चेहरा उरला.

त्याच पानाच्या पाठीला पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमीची जाहिरात होती. बंदी आल्याचं वाचूनही रामहरीनं ती चार आठवडे चालवली होती; श्रद्धांजलीचा अंक त्यातला शेवटचा. आता पोलिसांची नोटीस आली होती, ते अंक हजर करा म्हणून. वकिलानं कलम वाचून दाखवलं. खेळ चालवणारा तर अडकतोच, पण जाहिरात छापणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग चष्मा पुसत तो म्हणाला की कागदच सापडला नाही, तर नुसतं म्हणणं उरतं. रामहरीनं फाइलमधले चारही अंक चुलीत घातले. रद्दी कधीच गेली होती. उरलं होतं ते हे एवढं पान.

बुवांनी चाल उचलली. टाळकऱ्यांनी ती झेलली आणि मृदंग असा काही बोलू लागला की मागं बसलेल्या म्हाताऱ्यांच्याही माना डोलल्या. एरवी रामहरीचे डोळे अशा वेळी आपोआप मिटत, हात टाळीला जात. आज हात मांडीवरून उठेनात.

मांडवाच्या कापडाखालून ऊन आत सरकलं आणि तसबिरीच्या पाठीवर पडलं. सुयोगचा चेहरा उजळला. मग त्याच्या कपाळावर जाहिरातीतला काळा चौकोन उमटला, मोबाईल समोर धरून स्कॅन करायचा तो. ओठांवर उलटी अक्षरं आली. रामहरीनं आजूबाजूला पाहिलं. सगळे बुवांकडे बघत होते. मागं पुठ्ठा असताना ऊन आरपार येतं कसं, हे त्याला कळेना.

बारा वाजता तसबिरीवर फुलं पडली. कीर्तन संपल्यावर माणसं रीतीप्रमाणे एकमेकांच्या पाया पडू लागली, लहानमोठं न बघता. ओळीनं येत शकुबाई त्याच्यापुढं वाकली. त्यानं पाय मागं घेतले; तिनं हात लांबवून ते धरलेच. मग बुक्क्याची वाटी घेऊन ती तसबिरीकडे गेली. तिचं बोट काचेवर टेकलं ते नेमकं त्या चौकोनावर.

पंगती उठल्यावर त्यानं विषय काढला.

"आक्का, तसबीर द्या. फोटो मोठा, रंगीत करून आणतो."

तिनं हार उतरवला आणि तसबीर त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती पालथी केली. पुठ्ठा नव्हता. मागंही काचच होती, पुढच्याइतकीच लख्ख. तिच्यामागं जाहिरातीतली बाई पत्त्यांचा पंखा धरून हसत होती.

"मागं बी काच घाल म्हनलं मी," शकुबाई म्हणाली. "त्यो काचवाला इचारतोय, ही बाजू कोन बघनार हाय?"

रामहरीचा हात खिशावर गेला, तिथंच थांबला.

"सुयोग तुमचा पेपर वाचत न्हवता, रामहरीराव. डेअरीवर दूध घालून झालं की निस्ता त्या चौकोनावर मोबाईल धरायचा. दुधाचं समदं पैसं तिकडंच गेलं." तिनं पदरानं मागची काचही पुसली. "न्या तुमी. पर फोडू नगा."

मांडवाचे दोर सोडायला माणसं आली, तेव्हा रामहरी उठला आणि तसबीर होती तशी खुर्चीवर ठेवली.

"आक्का, नोटीस आलीय मला. ते जाहिरातीचे अंक मागत्यात. साहेबास्नी हितला पत्ता देऊ का?"

ती हार परत घालत होती. एक फूल वाकडं झालं होतं, ते तिनं सरळ केलं.

"पत्ता तुमीच छापलाय की," ती म्हणाली. "त्याच्या नावाखाली."