नऊ नंबरची रिकामी ओळ

सोमवारी सकाळी कॉलेजच्या ऑफिसात एकही काम धड होत नव्हतं. दाखला न्यायला आलेला दाखला विसरत होता आणि शिक्का मारणारा शिक्का हातात धरूनच गप्पा हाणत होता. विषय एकच. फुटबॉल संघाचा नऊ नंबर, ज्याला सगळं गाव ‘तोफ’ म्हणायचं, त्याच्यावर आणि संघातल्या त्याच्या जोडीदारावर पोलिसांनी मारहाणीचा गुन्हा नोंदवला होता. जोडीदाराचा गुडघा दुखावलेला होता, म्हणून तो हल्ली खेळत नव्हता, पण तोफेच्या मागे-मागे सगळीकडे असायचा. मार खाल्ला होता मागच्या फाटकावरच्या वॉचमननी. त्यांना सगळे मामा म्हणत.

परीक्षेच्या दिवसांत मागच्या फाटकातून गाड्या सोडायच्या नाहीत, असा नियम. गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी मोटारसायकलवरून दोघं आले. मामांनी हात आडवा केला आणि म्हणाले, “बाळा, आज पुढच्या फाटकानं जा.” गाडी चालवणारा उतरला, डोक्यावरचं हेल्मेट काढलं आणि मामांच्या डाव्या कानशिलावर हाणलं. मामा फाटकाच्या लोखंडी रुळावर कोसळले. दवाखान्यात शुद्ध आल्यावर त्यांनी दोघांचीही नावं सांगितली.

अशा वेळी लोक आधी मामांची चौकशी करतील, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार भोळे आहात!

“शनिवारी अंतिम सामना आहे. मामाला हे आत्ताच सुचायचं होतं?”

“पिऊन पडला असेल हो.”

“समोरच्या कॉलेजनं चढवलं असणार त्याला.”

“पोराचं अख्खं आयुष्य पुढे आहे. कशाला नाट लावायचा?”

आयुष्य मामांनाही होतं. पण ते मैदानावर नव्हतं, फाटकावर होतं, त्यामुळे त्याला टाळ्या वाजवणारं कुणी नव्हतं.

या सगळ्या गलक्यात एक माणूस खाली मान घालून बसला होता. प्रवेश विभागातले हे जुने कारकून एकतीस वर्षं हौसेनं संघाच्या प्रत्येक सामन्याची नोंद ठेवत आले होते. लांबट वही, प्रत्येक खेळाडूला एक ओळ, कोणत्या मिनिटाला कुणी चेंडू दिला, कुणी मारला, सगळं त्या ओळीत. त्यामुळे त्यांचं नावच वहीकाका पडलं होतं. वहीकाकांचा तोफेवर भारी जीव. सोळाव्या वर्षी अनवाणी खेळणारा हा पोरगा त्यांनीच प्रशिक्षकांच्या नजरेस आणून दिला होता.

आणि मामा तर काकांचे हक्काचे श्रोते! मागच्या फाटकावरून मैदान दिसत नाही, मध्ये भिंत आहे. ड्यूटी सोडता येत नाही. म्हणून सामना संपला की काका फाटकाशी जाऊन मामांना वही वाचून दाखवायचे. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि तोफेच्या नावापुढे गोल आला की जागेवरून उठून ओरडायचे. साऱ्या जगाच्या मागून तासाभरानं त्यांचा गोल व्हायचा, पण आनंद तसूभरही कमी नसायचा.

दुपारी चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आले. त्यांचं कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं.

“काका, गुरुवारी चार वाजता सराव सामना होता ना? पोरगा म्हणतो, मी मैदानावर होतो. तुमची वही काय म्हणते?”

काकांनी वही उघडली. सुरुवात चार वाजता. अकरा नावं, प्रत्येकापुढे हजेरीची खूण. नऊ नंबरपुढेही.

“होता! अहो, होता की मैदानावर!” काकांच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं.

औषधवाल्यांनी पानाचा फोटो काढला आणि खाली लिहिलं, ‘वहीकाकांची वही खोटं बोलत नाही.’ संध्याकाळपर्यंत तो फोटो घरोघरी पोचला. मागच्या फाटकावर घोषणा झाल्या, मामांचं स्टूल कुणीतरी गटारात फेकलं. ज्यांनी आयुष्यात मामांकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ते मामा कसे लबाड आहेत हे छातीठोकपणे सांगू लागले.

मंगळवारी काकांच्या खिडकीशी मामांची मुलगी येऊन उभी राहिली. ती याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती.

“काका, कॉलेज सोडल्याचा दाखला हवाय.”

“अगं, निम्मं वर्ष झालंय! असं मध्येच कसं सोडतेस?”

“बाकावर लिहून ठेवतात, ‘खोटारड्याची पोर’. काल शेजारी कुणी बसलंच नाही.”

काकांनी अर्ज पुढे ओढला. “कारण काय लिहू?”

“घरगुती लिहा.”

काकांनी घरगुती लिहिलं आणि शिक्का मारला. मामा कसे आहेत, हे विचारायचं त्यांच्या मनात होतं, पण ते विचारेपर्यंत मुलगी निघून गेली होती.

बुधवारी अकरा वाजता पोलीस ठाण्यात जबाब द्यायचा होता. सोबत त्या पानाची स्वच्छ नक्कल मागितली होती. मंगळवारी संध्याकाळी काका घरी टेबलाशी नक्कल करायला बसले. समोर काकू शेंगा सोलत होत्या. काकू दुसऱ्या एका दवाखान्यात परिचारिका होत्या.

काका एकेक ओळ उतरवू लागले. सात नंबर, चार वाजून दोन मिनिटं, पास. दहा नंबर, चार वाजून पाच, फटका बाहेर. मग नऊ नंबर. त्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. पहिली नोंद चार वाजून सत्तावीस मिनिटांची होती. त्याआधी काहीच नाही. ज्या पोराच्या पायाला दोन मिनिटं चेंडू लागला नाही तर तो आरडाओरडा करून मैदान डोक्यावर घेतो, त्याची ओळ सत्तावीस मिनिटं कोरी!

खऱ्या सामन्यात खेळाडू मैदानात उतरला की काका खूण करायचे. पण सराव सामन्याला कोण एवढं बघतो? अकरा नावं आणि अकरा खुणा ते दुपारीच ऑफिसात चहा पिता-पिता उरकून टाकायचे. वर्षानुवर्षांची सवय. प्रशिक्षक मीटिंगमध्ये अडकले होते, जेवढे आले तेवढ्यांनी खेळ सुरू केला होता. आणि मग काकांना तो क्षण लख्ख आठवला. पोरगा पलीकडच्या बाजूनं धावत आला होता, बुटाची नाडी बांधत. काकांनी हाक मारली होती, “काय रे तोफ, आज उशीर?” “झोप लागली काका!” तो म्हणाला होता. काका हसले होते.

“काय हो, चेहरा का उतरला?” काकूंनी विचारलं.

काकांनी सगळं सांगितलं.

“मग उद्या हेच सांगा,” काकू म्हणाल्या.

“तुला बोलायला काय जातंय! पोरगा आयुष्यातून उठेल. आणि मी खोटं कुठे लिहिलंय? सवयीनं केलेल्या खुणा त्या.”

“आमच्या वॉर्डात औषध देण्याआधीच दिल्याची खूण केली आणि औषध राहून गेलं, तर माणूस जातो. तिथे ‘सवय होती’ म्हणून भागत नाही.”

“अगं, तो दवाखाना. हा खेळ आहे.”

“मामा पडेपर्यंत खेळ होता!” काकूंचा आवाज चढला. “तुम्ही सगळे त्या पोरावर जीव ओवाळून टाकता. एकानं तरी त्याला जवळ घेऊन विचारलं का, बाळा, तू तिथे होतास का? नाही विचारलं. कारण उत्तराची भीती वाटते तुम्हाला. मागच्या वर्षी त्यानं कॅन्टीनवाल्या बाईंच्या हातावर गरम चहा ओतला, तेव्हा तुम्ही घरी येऊन हसत सांगितलंत, आज तोफ तापली होती. मीही हसले. तिथेच आपलं चुकलं.”

काका उठून आत गेले. त्यांना कुणाचंच तोंड पाहवेना.

बुधवारी सकाळी ठाण्यात जाण्याआधी ते दवाखान्यात गेले. खरं सांगायचं तर पळवाट शोधायलाच गेले. मामा बरे दिसले, हसले-बोलले, तर मन थोडं हलकं होईल, एवढाच त्यांचा हिशोब.

मामांच्या डोक्याला पट्ट्या होत्या. डावा कान कायमचा गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकांना पाहून ते उठून बसायची धडपड करू लागले.

“काका, बरं झालं आलात. मी तक्रार मागे घेतोय.”

काका चमकले. “का? कुणी धमकावलं का?”

“छे हो. तुमच्या वहीत तो मैदानावर आहे ना? पोरीनं फोटो दाखवला. एकतीस वर्षांत तुमची वही चुकली नाही. म्हणजे मीच चुकलो. दुसरंच कुणीतरी असेल, मला ओळखता आलं नसेल. चुकीच्या पोरावर आळ नको. त्याच्या आईच्या जिवाला काय वाटत असेल!” मग मामा आवाज खाली आणून म्हणाले, “पण काका, डोळे मिटले की मला तोच दिसतो. हेल्मेट काढतानाचा त्याचा चेहरा दिसतो. असं का होत असेल हो? डोक्याला मार बसला की माणूस भ्रमिष्ट होतो का?”

काकांना पुढे ऐकवेना. ते मामांच्या चांगल्या कानाशी वाकले आणि जवळजवळ ओरडलेच, “मामा, तुम्ही भ्रमिष्ट नाही! वही चुकली! वही कसली, मी चुकलो! तोच होता तो!”

सगळा वॉर्ड वळून पाहू लागला. मामा रागावतील, शिव्या देतील, असं काकांना वाटलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मामांनी फक्त चादरीचं टोक डोळ्यांना लावलं.

“पोरीला सांगा,” ते म्हणाले. “परवा इथेच बसून मला म्हणाली, बाबा, खरं सांगा, तुम्ही नुसते पडलात ना? मी काहीच बोललो नाही. तिला आधी सांगा.”

काका अकराला ठाण्यात पोचले. नक्कल त्यांनी खिशातच ठेवली. मूळ वही अधिकाऱ्यांसमोर उघडून रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं आणि खुणा कधी, कशा केल्या ते सांगितलं. पोराला मैदानावर किती वाजता येताना पाहिलं तेही सांगितलं. मग जबाबावर सही केली.

बाहेरच्या बाकावर तोफ वडिलांबरोबर बसला होता. त्याच्या कानावर सगळं आलं होतं.

“काका, मी एवढं काय-काय केलं, तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत,” तो म्हणाला. “आणि आज एकदम हे?”

“तेव्हाच बोलायला हवं होतं, बाळा,” काका म्हणाले. “तुझ्या कानाला धरायला हवं होतं. तेवढी माया माझ्यात नव्हती. मला फक्त तुझे गोल हवे होते.”

पोराचा चेहरा एकदम लहान झाला. एकोणीस वर्षांचा तर होता तो! खाली बघत त्यानं विचारलं, “मामांना ऐकू येईल ना परत?”

“डाव्या कानानं नाही.”

तो ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. त्याचे वडील दुसरीकडे बघत राहिले. थोड्या वेळानं पोरगा उठला आणि आपणहून अधिकाऱ्यांच्या खोलीत गेला.

शनिवारी संघ हरला. काकांच्या खिडकीवर दगड आला, ‘घरभेद्या’ असं दारावर लिहिलं गेलं. रविवारी औषधवाले भांडायलाच घरी आले. तीन वर्षांची मेहनत एका सहीनं पाण्यात घातलीत, असं ते तावातावानं म्हणाले. काकांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मामांनी तक्रार मागे घ्यायचं का ठरवलं होतं ते सांगितलं. औषधवाल्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “पिऊन पडला असेल, असं मंडळाच्या ग्रुपवर पहिल्यांदा मीच लिहिलं होतं, काका. माझ्याच दुकानातून त्याची पोर आता गोळ्या नेते.” ते गेले, ते सरळ दवाखान्यात. मंडळातले आणखी चौघं नंतर तिथे गेले. बाकीचे गेले नाहीत. त्यांनी पुढच्या हंगामासाठी नवा नऊ नंबर शोधला आणि नव्या घोषणा पाठ केल्या.

मामांच्या मुलीला काकांनी त्याच बुधवारी, ठाण्यात जाण्याआधीच, तिच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. “लोकांनी बाबांना खोटं ठरवलं, त्याचं मला काही वाटत नव्हतं, काका,” ती म्हणाली. “पण मी ठरवलं. तुमचं पान बघून मी माझ्या बाबांना खोटं ठरवलं.” मग चपला अडकवून ती दवाखान्याकडे धावत सुटली. काका तिथेच पायरीवर बसले. क्षमा मागायचे शब्द त्यांनी वाटेत जुळवून आणले होते, ते तोंडातच राहिले.

मंडळी, खेळाडूवर प्रेम जरूर करा. त्याच्या गोलावर घसा बसेपर्यंत ओरडा. पण त्यानं कुणावर हात उचलला, तर तोच घसा त्याला जाब विचारायलाही वापरा. खरं-खोटं ठरवायला कायदा आहे, वेळ आहे. तोवर मार खाल्लेल्या माणसाला खोटं पाडायची घाई करू नका. आपण आज ज्याला पाठीशी घालतो, त्यालाच उद्या खड्ड्यात लोटत असतो. आणि ज्याच्यावर चिखल उडवतो, त्याला इतकं एकटं पाडतो, की एक दिवस त्याचं स्वतःचं माणूसही त्याला विचारतं, “खरं सांगा, तुम्ही नुसते पडलात ना?”