पत्र्यावरचा दुधाचा दात

आमचे हे, गुरुपादप्पा. लातूरच्या मोंढ्यात आडत चालवतात, पण नॉर्वेहून नात येणार म्हणलं आन् ह्यांनी नॉर्वेजियन शिकायला घेतलं. अक्षराला मराठी येत न्हाई. तिनं आपल्याला एकदा तरी आजोबा म्हणून हाक मारावी, तिच्या भाषेत का असंना, एवढाच हट्ट. तिकडं फार म्हणजे बाप, आन् बापाचा बाप तो फारफार.

त्या लोकांची दोन-दोन शब्द चिकटवून लिहायची रीत. ह्यांचा दम संपंल तिथं हे तोडणार! "मेल-केग्लास" म्हणले की फोनवर आमचा पोरगा राजशेखर हसून लोळायचा.

"आप्पा, तोंडानं तीन तुकडे होतात, पण अर्थाचे दोनच. मेल्के, दुधाचा. मग ग्लास. तसंच तानबर्स्ते. तान म्हणजे दात, बर्स्ते म्हणजे ब्रश."

"माझं तर भाकरी थापता थापता पाठ झालं," मी म्हणायची. हे लई चिडायचे.

पोरगी आली. ह्यांना दारात ऐन वेळी एकच शब्द आठवला. "तानबर्स्ते!" ती जी आईमागं लपली, ती आठवडाभर ह्यांच्याकडं बघंना. ह्यांचं जेवण सुटलं. मला बघवत नव्हतं, आन् चिडवल्याबिगर राहवतही नव्हतं.

मग चिक्की खाताना तिचा दात पडला. सूनबाई अंजू न्हाणीत होती. पोरगी मूठ पुढं करून ह्यांच्यासमोर उभी राहिली. "मेल्केतान!"

"मेल्के... तान..." हे पुटपुटले. "अगं, दुधाचा दात!" आन् आनंदाच्या भरात, नवा दात चांगला यावा म्हणून, आपल्या रितीनं दिला पत्र्यावर भिरकावून.

पोरीनं काय भोकाड पसरलं म्हणता! अंजू ओल्या केसांनी धावत आली. "आप्पा, तिकडं दात पाण्याच्या ग्लासात ठेवतात. रात्री परी येऊन नेते."

गुडघेदुखीचा माणूस, पण शिडी लावून चढला की पत्र्यावर! "अहो, दात ऱ्हाऊ द्या, तुम्हालाच दवाखान्यात न्यावं लागंल," मी खालून बोंबलत होते. तेवढ्यात ह्यांचा पाय घसरला, आन् पोरगी रडणं विसरून किंचाळली, "फारफार!"

हे तिथंच बसले. पत्रा तापलेला, पोरगी हाकांवर हाका मारत होती, आन् ह्यांच्या डोळ्यांत पाणी.

"सापडला का दात?" मी विचारलं.

"कवाच सापडलाय. तू जरा गप बस की," हे म्हणले. "अजून एकदा हाक मारू दे तिला."