दुसऱ्याच्या घरचा चहा

बडोद्याच्या वाडी भागातल्या सुभानरावांच्या घराचा जिना चढताना चौथ्या पायरीवर सरोजिनीबाईंच्या छातीतला एक ठोका चुकला. क्षणभर तो नाहीसाच झाला आणि मग बंद दारावर कोणी लाथ मारावी तसा परत आला. त्यांनी कठड्याला घट्ट धरले.

"आई, काय झाले?" मागून येणाऱ्या सुनेने, नयनाने विचारले.

"काही नाही. सुभानरावांनी कठड्याला रंग काढला आहे, तो पाहत होते."

रंग निदान दहा वर्षांपूर्वीचा होता.

नात ऋचा हिचे लग्न बारा दिवसांवर आले होते. पत्रिका मोबाइलवर पाठवून माणसे गोळा करणे सरोजिनीबाईंना मान्य नव्हते. 'ज्याला बोलवायचे त्याचा उंबरा ओलांडावा लागतो,' असे त्यांनी मुलाला, उन्मेषला, पहिल्याच दिवशी बजावले होते. म्हणून गेले पाच दिवस सासू-सुना वासण्याच्या आपल्या घरून सकाळी निघत आणि दिवेलागणीला परतत. कुंकू लावायचे नयनाने, अक्षता आणि पत्रिका द्यायची सरोजिनीबाईंनी. आणि समोर आलेला चहा नाकारायचा नाही, हा दंडक. चहा नाकारणे म्हणजे घर नाकारणे, असे त्या मानत.

सुभानरावांकडे चहा झाला. खाली उतरताच शेजारच्या प्राचीबेननी वाट अडवली.

"जय श्रीकृष्ण, बा! आमच्याकडे नाही येणार? अडधी तो लेवीज पडशे!"

'अडधी' म्हणजे अर्धा कप, आले घालून उकळून काळा केलेला. तोही झाला. त्याने पायांत थोडा जोर आला, म्हणून सरोजिनीबाईंना तो औषधासारखाच वाटला. हात मात्र असा कापू लागला, की अक्षतांचे चार दाणे ओट्यावर सांडले. त्यांनी पदर पुढे ओढून हात झाकला.

मरणाशी त्यांचे भांडण नव्हते. त्याने तारीख पाळावी, एवढीच त्यांची अपेक्षा होती. या बारा दिवसांत आपले काही झाले तर सुतक लागेल. मुहूर्त जाईल. पाठोपाठ कमुरता बसतील, म्हणजे संक्रांतीपर्यंत बडोद्यात कोणी मांडव घालणार नाही. नवरा मुलगा अनिश तोवर रजा संपवून जर्मनीला गेलेला असेल. पोरीच्या हातावरची मेंदी आपल्यामुळे पुसली जाईल.

हे असे होते, हे त्यांनी पाहिले होते. सेहेचाळीस वर्षांपूर्वी उन्मेषच्या मुंजीच्या आठवड्यात त्यांचे यजमान शरच्चंद्रराव चार दिवस छातीवर हात ठेवून वावरत होते. "मुंज होऊ दे, मग बघू," म्हणत होते. मुंज झाली नाही. मांडवाचे बांबू जसे आले तसेच परत गेले. त्या वेळी आपण विचारले का नाही, हा सल सरोजिनीबाईंनी आयुष्यभर बाळगला. आणि आता त्या स्वतःच तसाच हात छातीवर ठेवून हिंडत होत्या. झोप उडाली होती. सकाळी डोके ठणके, म्हणून पेठेतून आणलेली डोकेदुखीची गोळी घ्यायच्या. दुपारी पुन्हा एक.

प्रतापनगरला डॉक्टर हेरंब आणि त्यांची पत्नी श्रद्धा यांचे घर आणि खालीच दवाखाना. त्या दिवसाच्या यादीत ते नाव सतरावे होते. सरोजिनीबाईंनी ते बारावे केले.

"नयना, तू वर जाऊन श्रद्धाला कुंकू लाव. मी हेरंबला खालीच पत्रिका देते."

हेरंबच्या टेबलावर पत्रिका ठेवून त्या म्हणाल्या, "हे आमंत्रण. आणि आता दार लाव. माझा ठोका चुकतो आहे. मला बारा दिवस हवे आहेत. तेवढे आहेत का, ते सांग."

हेरंब हसला नाही. त्याने नाडी धरली आणि धरूनच ठेवली. कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी वाचताना त्याच्या कपाळाला आठी पडली, आणि सरोजिनीबाईंनी मनातल्या मनात मांडवाचे बांबू मोजायला सुरुवात केली.

"काकू, मध्येच जास्तीचे ठोके पडताहेत. झटक्याची खूण मला दिसत नाही, पण कारणही दिसत नाही. चहा किती घेता?"

"दोन. सकाळी एक, दुपारी एक. आमच्या घरी शिस्त आहे."

"कॉफी?"

"ती आम्ही पीत नाही."

"मग तुम्हाला एक दिवस दवाखान्यात ठेवावे लागेल. चोवीस तास यंत्र लावून बघू."

"ते होणे नाही. उद्या नऊ घरे आहेत."

एवढ्यात श्रद्धा चहाचा ट्रे घेऊन खाली आली, मागोमाग नयना. सरोजिनीबाईंनी सवयीने कप उचलला. बशीवर कप खळखळ वाजला. हेरंबची नजर त्या आवाजाकडे गेली.

"काकू, हा आजचा कितवा?"

"हा कसा मोजणार? हा तुझ्या घरचा आहे."

"म्हणजे?"

"अरे, दुसऱ्याच्या घरचा चहा कोणी मोजतो का? तो मान असतो."

हेरंबने हात पुढे करून कप काढून घेतला. त्यांच्या हातून असा कप आजवर कोणी काढून घेतला नव्हता. नयनाने न बोलता पर्समधून यादी काढली आणि टेबलावर उलगडली. आजच्या अकरा नावांपुढे अकरा खुणा होत्या.

"प्रत्येक घरी एक," ती म्हणाली. "काही ठिकाणी आग्रहाने दुसरा. घरचे दोन वेगळे. आणि गोळ्या."

"कोणत्या गोळ्या?"

सरोजिनीबाईंनी कनवटीची गोळ्यांची पट्टी काढून दिली. हेरंबने मागची बारीक अक्षरे वाचली आणि डोळे मिटले. "यातही कॅफीन आहे. चहात असते तेच. काकू, धडधाकट माणसाला दिवसाचे तीन-चार कप पचतात. तुम्ही चौऱ्याहत्तर वर्षांच्या हृदयाला पाच दिवस चाबूक मारून पळवता आहात. झोप नाही, हात कापतो, डोके ठणकते, त्यावर पुन्हा गोळी, पुन्हा चहा!"

"तूही रोज बरोबर असतेस ना?" सरोजिनीबाई सुनेवर उसळल्या. "मग तुझा हात कसा कापत नाही?"

"मी पहिल्याच दिवशी सांगून टाकले, लग्न पार पडेपर्यंत चहा सोडला आहे म्हणून. तुम्ही शेजारीच होतात. म्हणालात, नेम धरलास ते बरे केलेस."

"तो नेम होता?"

"नाही, आई. ती आम्लपित्ताची भीती होती."

श्रद्धाने तोंडाला पदर लावला.

"गोळी आजच बंद," हेरंब म्हणाला. "चहा घरचे दोन, बाहेर एकही नाही. दोन-तीन दिवस डोके दुखेल, ते सोसा. छातीत दुखले, भोवळ आली, तर कोणाची वाट न पाहता फोन करा. तीन दिवसांनी पुन्हा कार्डिओग्राम काढू. तोवर मी कसलीच खात्री देत नाही."

कसलीच खात्री देत नाही. हे शब्द रिक्षात त्यांच्या शेजारी येऊन बसले.

पुढचे घर नेमके फत्तेसिंहरावांचे होते. तीन वर्षांपूर्वी वासण्याच्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी कपावर हात ठेवला होता. "वहिनी, डॉक्टरांनी बंद केला आहे." त्यावर सरोजिनीबाई भर पंक्तीत म्हणाल्या होत्या, "डॉक्टर आमच्या घरी जेवायला येत नाहीत." तेव्हापासून बोलणे नव्हते.

"आई, नेम सांगू या?" दारात नयना हळूच म्हणाली.

"खोटा नेम देवाच्या अक्षतांबरोबर? नको."

फत्तेसिंहराव काठी टेकत उठले. ख्यालीखुशाली झाली, पत्रिका दिली, आणि चहा आला. त्यांच्या घरचा, चांदीची कड असलेल्या कपातला. सगळे घर त्या कपाकडे पाहत होते. सरोजिनीबाईंची छाती धडधडू लागली. ती कशाने, हे आता त्यांनाही सांगता येईना.

त्यांनी कपावर तळहात ठेवला.

"फत्तेसिंहराव, मला पाणी द्या. डॉक्टरांनी बंद केला आहे."

म्हाताऱ्याने कपावरच्या त्या हाताकडे पाहिले. मग म्हणाला, "असे होय? आमच्याही घरी डॉक्टर जेवायला येत नाहीत, वहिनी."

"तो शब्द माझा चुकला होता. आज माझा ठोका चुकतो आहे. नातीच्या लग्नापर्यंत मला राहायचे आहे."

फत्तेसिंहरावांनी काठी भिंतीला टेकवली. "सूनबाई," ते आत वळून म्हणाले, "हा कप आत ने. पाणी आण, माठातले. आणि वहिनी, उद्या डोके फार दुखेल. मी काढले आहेत ते दिवस. कोणाशी भांडू नका एवढेच."

सरोजिनीबाई पाणी प्यायल्या. आणि तेवढ्यात तो आलाच. एक ठोका नाहीसा, मग लाथ. तीन वर्षांत प्रथमच उघडलेल्या त्या दाराच्या आत बसून त्यांनी, पदर न ओढता, आपले मनगट सुनेपुढे धरले.

"बघ गं. किती पडतात?"

नयनाने घड्याळावर नजर लावली, बोटे नाडीवर टेकली.

"पण आता बरे वाट–"

"बोलू नका, आई," नयना म्हणाली. "मी मोजते आहे."

आणि सरोजिनीबाई गप्प बसल्या.