शेवटच्या तंगडीचा कागद

मी एक जुना खाकी कागद आहे. सध्या माझा मुक्काम गोदाबाईंच्या पेटीत, अगदी तळाशी. माझ्या अंगावर तेलाचे इतके डाग आहेत की मुंग्या अजूनही भेटीला येतात. पण मित्रांनो, डागांवरून कोणाची परीक्षा करू नका. हे डाग मला मानाने मिळाले आहेत.

गवत, चिंध्या आणि जुने दोर यांच्या लगद्यातून एका गिरणीत माझा जन्म झाला. माझे पांढरेशुभ्र भाऊ शाळा-कचेऱ्यांत गेले. माझ्यावर मात्र कोणी श्रीकारसुद्धा काढला नाही. जाड आणि खरखरीत मी, ना रंग ना चकाकी! कापडाच्या गठ्ठ्याभोवती बांधून मला अमरावतीला आणले आणि तिथून मी शेंदूरजनाघाटला खुशालरावांच्या संत्र्याच्या बागेत पोचलो. तेव्हा वऱ्हाडचा कारभार नागपुराहून चाले आणि चांगली संत्री कागदात गुंडाळून परगावी जात.

खुशालराव आणि गोदाबाईंची मुलगी जमुना लहानपणापासून संत्री गुंडाळत आली होती. छापील कागदाची शाई सालीला लागते, मेणकागदात फळाला घाम सुटतो आणि खाकी कागदात ते श्वास घेते, हे तिच्या बोटांनाच कळत असे. मला उजेडात धरून ती एकदा म्हणाली, "हा कागद लय गुणाचा हाय." तेवढ्या एका वाक्यावर मी बरीच वर्षे काढली.

मला नावाजले त्याच साली जमुनेचे लग्न झाले. नवरा चंद्रभान अमरावतीला मास्तर होता. संत्र्यांची तोड संपल्यावर बागेत जेवण असे, त्याला तो पहिल्यांदाच आला. रस्सा, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे रोडगे, आणि पळसाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर भाजलेल्या बोकडाच्या चार तंगड्या, असा तो बेत. तंगडीचा पहिला वाटा निघेपर्यंत चाळीस तोडणाऱ्यांपैकी कोणी रोडगा मोडत नसे.

चंद्रभानने पाने पाहिली आणि नाक मुरडले. "पानं कायले, मामाजी? चिखलदऱ्याले साहेबाचा खानसामा कागदात भाजते. म्या डोयानं पाह्यलं. आज तंगड्या मी भाजतो."

खानसाम्याचा कागद कोणता होता, हे मात्र त्याने पाहिले नव्हते. पण पहिल्या खेपेला आलेल्या जावयाला कोण अडवणार? खुशालराव म्हणाले, "जवाई म्हंतीन तसं." गोदाबाईंनी पदर पुढे ओढला आणि पाने मुकाट्याने बाजूला सारली.

चंद्रभानने वर्तमानपत्र उचलले. जमुनेचा जीव खालीवर झाला. पण आईबापांसमोर नवऱ्याशी बोलणे म्हणजे निर्लज्जपणा! म्हणून ती शेजारी लाळ गाळत बसलेल्या कुत्र्याला मोठ्याने म्हणाली, "वाघ्या, छापील कागदाची शाई मटनाले लागते बरं."

चंद्रभाननेही कुत्र्यालाच बजावले, "वाघ्या, मास्तराले शिकवू नोको."

वाघ्याने दोघांकडे पाहून शेपटी हलवली. तासाभराने तंगडी उघडली, तर तिच्यावर केसांच्या तेलाची जाहिरात उलटी उमटली होती. म्हातारा तोडणारा सहदेव डोळे बारीक करून म्हणाला, "मास्तर, हे खाल्लं तं पोटात केसं उगवतीन."

चंद्रभान तापला. त्याने चकचकीत मेणकागद घेतला आणि पुढच्या दोन्ही तंगड्या त्यात एकदम बांधल्या. "वाघ्या, मेण वितयते रे!" जमुना जवळजवळ ओरडलीच. ऐकतो कोण! मेण निखाऱ्यांवर ठिबकले, भडका उडाला आणि बागभर मेणबत्तीचा वास सुटला. त्या मांसाचा एक तुकडा वाघ्याला टाकला. त्याने हुंगला, दोनदा शिंकला आणि रागारागाने निघून गेला. आता नवरा-बायकोत बोलायला कुत्रासुद्धा उरला नाही.

उरली होती एकच तंगडी. रोडगे थंड होऊन दगडासारखे झाले होते. तोडणाऱ्यांत कुजबूज चालली होती आणि 'कागद्या जवाई' हे नाव माझ्या कानावर आले. हीसुद्धा वाया गेली असती, तर चंद्रभानला ते नाव जन्मभर पुरले असते. त्याचा चेहरा इतका उतरला की मलासुद्धा त्याची दया आली.

तो उठला आणि सासूसासऱ्यांदेखत सरळ जमुनेपुढे जाऊन उभा राहिला. "जमुना, कोणता कागद घेऊ? तूच सांग."

नाव घेतले, तेही चारचौघांत! सहदेवच्या हातातली विडी विझली. जमुनेने सवयीने कुत्रा शोधला. तो नव्हता. मग तिने नवऱ्याकडे पाहिले. "आंधी हात धुवा," ती म्हणाली, "शाईनं काये झाले."

आणि तिने गठ्ठ्यातून मला ओढून काढले. खरे सांगतो, मित्रांनो, मान मिळाल्याचा आनंद झाला आणि जळण्याची भीतीही वाटली. तिने मला पाण्यात भिजवून पिळले. तंगडी आधी उघडीच निखाऱ्यांवर लाल होऊ दिली, मग माझ्यात दुहेरी गुंडाळून ज्वाळेपासून दूर, गरम राखेवर ठेवली. धूर माझ्यातून आत जात होता, पण रस मी बाहेर जाऊ दिला नाही. दीड तास मी चटके सोसले. मला उघडले तेव्हा मांस हाडावरून आपोआप सुटत होते.

"जवाई हुशार निंगाले!" खुशालराव खुशीत म्हणाले.

"मी नाई, मामाजी. जमुना." असे म्हणून चंद्रभानने पहिला वाटा काढला आणि जमुनेपुढे ठेवला.

गोदाबाई प्रथमच बोलल्या. "बाप्पा! बायका मांगून जेवतेत."

"मांगून इचारलं म्हणूनच तीन तंगड्या गेल्या, मामी," चंद्रभान म्हणाला.

त्या रात्री गोदाबाईंनीच मला पुसून, घडी घालून आपल्या पेटीत ठेवले. मित्रांनो, मी आता जीर्ण झालो आहे. पेटी उघडलीत तर माझी घडी हळू मोडा, कडांना मी फाटतो. माझ्यासारख्या खरखरीत कागदाला टाकाऊ समजू नका. आणि ज्याला कळते तो शेजारीच बसला असेल, तर त्याला पहिली तंगडी वाया जाण्याआधी विचारा. त्या दिवशी चाळीस माणसांच्या वाट्याला एकेक घासच आला, आणि जमुनेने मात्र आपला वाटा सगळ्यांच्या आधी, सगळ्यांसमोर बसून खाल्ला.